कुर्ला-अंधेरी थेट गाडी आणि माझी मिशी

आमच्या लग्नाच्या अल्बममध्ये नवरा मुलगा ओळखूच येत नाही, याचं खापर बायको आजही माझ्या डोक्यावर फोडते. खरं म्हणजे ते अंधेरी स्टेशनच्या इतिहासावर फुटायला हवं.

ऐंशीचं दशक नुकतं लागलं होतं. अंधेरी पूर्वेला आमची चाळ, आणि चाळीच्या ओट्यावर संध्याकाळची बैठक. तिथे तळमजल्यावरचे आजोबा येऊन बसत. मूळचे कोकणातले, गिरणीतून निवृत्त झालेले. एकदा सहज म्हणाले, "मी पयल्यांदा अंधेरीक इलंय, तो कुर्ल्यासून थेट गाडीत बसान. गाडी इतकी हळू, की आमी पोरां उतरान बोरां येचू आणि परत चढू."

ओटा फुटला हसून. त्यात पुढे होते वरच्या मजल्यावरचे काका. बँकेत कारकून, आणि मिशी मात्र सरसेनापतीची.

"आजोबा, कुर्ल्याहून अंधेरीला यायचं तर दादरला उतरून पूल चढावा लागतो. आणि सरळ यायचं तर मधे विमानतळ आहे. तुमची गाडी काय धावपट्टीवरून आली?"

"तेवा खंयचो विमानतळ? खोटा कित्याक सांगू मी?"

"आणि बोरं! बोरं पण का?"

आजोबा उठून चपला शोधू लागले. मला राहवलं नाही. मला कधीच राहवत नाही, हीच माझी अडचण. उठलो आणि गरजलो, "गाडी होती! खोटं निघालं तर ही मिशी उतरवीन!"

काकांनी आपल्या मिशीवरून हात फिरवला. "आणि खरं निघालं तर ही. पुरावा आण, तुझ्या लग्नाच्या आदल्या रविवारपर्यंत."

लग्न तोंडावर आलं होतं आणि मुलीने मला मिशीसकट पसंत केलं होतं. पण मी असा पेटलो होतो, की लग्नपत्रिका वाटायच्या सोडून पुरावा शोधत सुटलो. आधी गाठलं अंधेरी स्टेशन. खिडकीवर विचारलं, "कुर्ल्याची थेट गाडी कुठून सुटायची?" आतल्या माणसाने मान वर न करता "दादरला बदला" म्हणत तिकीट पुढे सरकवलं. मागच्या रांगेची लाज वाटून मी ते घेतलं. घेतलंच आहे तर म्हणून दादरला बदलून कुर्ल्याला जाऊनही आलो. पुरावा मिळाला तो काकांच्या बाजूचा.

मग साकीनाक्याच्या एका वर्कशॉपसमोर पाय थबकले. आत एक कारागीर लोखंड ठोकत होता, आणि ठोकत होता चक्क रुळाच्या तुकड्यावर! अंधेरी आणि कुर्ल्याच्या बरोबर मधे रूळ! माझ्या अंगावर काटा आला. हातापाया पडून तो तुकडा रिक्षात चढवला. आपली ऐरण एकटी सोडायला तयार नसल्यामुळे कारागीरही मांडीवर ती घेऊन बसला. चाळीत शिरताना मी अशा आरोळ्या ठोकल्या, की बायका गॅलरीत धावल्या. आजोबा तर रुळावरून हात फिरवत राहिले.

काका शांतपणे खाली उतरले आणि कारागिराला म्हणाले, "ये कहां से लाया?"

"सूरत से साब. भंगार में."

हा प्रश्न विचारायचं मला सुचलंच नव्हतं.

रविवारी सलूनमध्ये मिशी गेली. आरशात जो कोणी दिसला त्याला मीसुद्धा मुलगी दिली नसती. आजोबा शेजारच्या खुर्चीत बसून होते. "माज्यासाठी कित्याक रे..." एवढंच म्हणाले. त्या दिवसापासून ओट्यावर यायचे थांबले. मिशी परत उगवते हो, पण म्हाताऱ्या माणसाची ओट्यावरची जागा?

लग्नाच्या दिवशी मुलुंडच्या हॉलमध्ये सासूबाईंनी माझ्या मिशीवाल्या आतेभावाला ओवाळायला घेतलं, ते मी गिळलं. पंगत बसली. आजोबा कोपऱ्यात मान खाली घालून जेवत होते, पलीकडे काका मठ्ठा ओरपत होते. मी उखाणा घेऊन बायकोला जिलबीचा घास भरवायच्या बेतात होतो. तेवढ्यात बायकोची आजी पंगतीत आग्रह करत आजोबांपाशी आली.

"अंधेरीचे ना तुम्ही? दादर करून आलात म्हणजे लांबच झालं. आमच्या लहानपणी बरं होतं. चेंबूरला बसलं की कुर्ल्यावरून थेट अंधेरी, मावशीच्या दारात. मेल्यांनी बंद केली ती गाडी."

आजोबांचा हात भातातच राहिला. "वाटेत काय दिसा, तां सांगा!"

"दिसणार काय? कुर्ला सुटलं की कोलेकल्याण गावची भातखाचरं. आणि गाडी अशी रमतगमत, की पोरं खाली उतरून बोरं वेचायची."

"बोरां!" आजोबा ताडकन उभे राहिले. "आयकलास काय रे? बोरां!"

मी जिलबी हातात घेऊनच धावलो. मागे बायको तोंड उघडून तशीच बसली, त्याचा फोटो आहे. "काका! बोरं! काका, कोलेकल्याण!" एवढंच मी ओरडत होतो. चाळीची अख्खी रांग टाळ्या पिटत होती, आणि आजी भांबावून विचारत होती, "अगं बाई, काय चुकलं माझं?"

काकांनी मठ्ठा संपवला. हात धुतले. आजोबांसमोर येऊन म्हणाले, "आजोबा, उद्यापासून ओट्यावर या. नाहीतर मी रोज हसायचं कोणाला?" आणि चपला घालून समोरच्या सलूनमध्ये शिरले.

त्यामुळे अल्बममध्ये जेवणापर्यंत काकांना मिशी आहे आणि पाठवणीला नाही. शेवटच्या फोटोत एका बाजूला काका, दुसऱ्या बाजूला मी, दोघेही सोललेल्या बटाट्यासारखे. मधे आजोबा, पांढऱ्या मिशीला पीळ देताना.