बाईंच्या चाफ्याला फूल येईना

आमच्या आळीत झाडाझुडपांमधलं माझ्याइतकं कुणालाच कळत नाही. हे मी छातीला हात लावून सांगतो! आता मी लावलेल्या अकरा झाडांपैकी नऊ मेली, ही गोष्ट वेगळी. उरलेल्या दोनातलं एक प्लास्टिकचं आहे, लेकीनं दिलेलं. त्यालाही मी चार महिने पाणी घालत होतो.

किस्से कसे साचतात सांगू? अंगण झाडायचं आणि पाचोळा कोपऱ्यात लोटायचा. आपल्याला वाटतं, चार पानं तर आहेत. महिन्यानं बघावं तर हा ढीग! वरून गार, आत हात घातला की गरम वाफ. आमच्या आळीचं तसंच आहे. वरवर "काय नाना, बरंय का?" आणि आत सगळी वाफ संशयाची.

नारायणगावच्या कडेला आमची ही आळी. लागून लागून चार घरं, चार अंगणं. एक माझं. आळेफाट्याला गॅरेजात जन्म गेला, शाळा सातवीत सुटली. दुसरं कांतिशेठचं, बाजारात कापडाचं दुकान. त्यांचे आजोबा राजस्थानातून आले, पण नातवाचं मराठी माझ्यापेक्षा चांगलं. तिसरं हौसाआक्काचं. ती आंबेगावकडच्या डोंगरातली, भाताच्या खाचरात वाढलेली. आणि चौथं बाईंचं. बाई म्हणजे रिटायर शिक्षिका. त्यांना नाव आहे, पण ते फक्त आधार कार्डावर.

* * *

बाईंच्या गेटाच्या आत एक चाफा आहे. पुरुषभर उंच, लांबट तुकतुकीत पानं. बाईंच्या मिस्टरांनी आणून लावला. नर्सरीवाला म्हणाला होता, दोन वर्षांत फुलेल. मिस्टर गेले, नऊ वर्षं झाली, झाडाला एक कळी नाही. बाई मात्र रोज सकाळी झाडाशी जाऊन पान पान बघायच्या. वह्या तपासल्यासारख्या!

उन्हाळ्यात त्यांचा मुलगा सुहास पुण्याहून आला तो टेप घेऊन. इंजिनीअर आहे. गेट मोजलं, झाड मोजलं, मध्ये उभा राहून मान हलवली.

"आई, दसऱ्याला गाडी घेतोय. ती आत यायची तर हे झाड काढावं लागेल. नाहीतरी वांझोटंच आहे."

बाईंनी एका पानावरची धूळ पदरानं पुसली. मग म्हणाल्या, "गौरी-गणपतीपर्यंत थांब. तोवर फुललं नाही, तर काढ."

आवाज अगदी वर्गात तारीख सांगतात तसा. पण आत जाताना उंबऱ्याला ठेचकाळल्या. ते मी भिंतीवरून बघितलं. (मी बघत नव्हतो. दिसलं.)

* * *

आमच्या आळीत एक नियम आहे. मागून आणलेलं रोप लागत नाही, चोरून आणलेलं लागतं! त्यामुळं कुणाकडं रोप मागायला गेलं, की तो नाराज होतो. म्हणतो, "मागता कशाला? माझी पाठ वळल्यावर न्या की!"

एकदा मी कांतिशेठच्या ओट्यावरून मनी प्लँटची वेल कापून आणली. बाटलीत घातली, खिडकीत ठेवली. तिसऱ्या दिवशी शेठ दारात!

"नाना, ही वेल माझी आहे."

"शेठ, मनी प्लँट सगळीकडं सारखाच. तुमचा कशावरून?"

शेठनी एक पान उलटं केलं. कडेला जळाल्याचा डाग होता. "हा डाग बघा. आळीत असा डाग एकाच वेलीवर आहे."

"एवढी बारीक ओळख?"

"नसणार का? तुमच्या गॅरेजातल्या बॅटरीचं ॲसिड सांडलेलं आहे. मी तुमच्याकडूनच चोरली होती!"

* * *

हौसाआक्काच्या जास्वंदीची फुलं रोज पहाटे गायब व्हायला लागली. आक्काचा संशय पहिल्यांदा माझ्यावर. दुसऱ्यांदाही माझ्यावर. मी देवपूजा करत नाही, हे कळल्यावर तर जास्तच! म्हणे, "पूजा करत न्हाई, मंग फुलं नेतो कशाला?"

शेवटी माझ्याकडंच आली. "नाना, मला लिवता येत न्हाई. येक पाटी लिवून दे. फुलं तोडू नयेत."

मी म्हटलं, हे काय आक्का, लगेच! पत्रा घेतला, ऑइलपेंटनं मोठ्या अक्षरात लिहिलं: "फूलं घेऊन जावित. मागायची गरज नाहि." आक्कानं पाटी दोन्ही हातांनी झाडाला बांधली. वर तिला हळदकुंकू वाहिलं.

दोन दिवसांत झाड भुंडं! आणि येणारा-जाणारा प्रत्येकजण म्हणतोय, "आक्का, लई मोठं मन तुमचं!" आक्का मला विचारते, "भावा, हे समदे मला टोमणं मारत्यात का रं?"

तिसऱ्या दिवशी बाई त्या पाटीपुढं थांबल्या. मी म्हटलं, संपलं, आता भांडं फुटणार. बाईंनी पर्समधून मार्कर काढला. "फूलं"चा ऊकार ऱ्हस्व केला. "जावित" आणि "नाहि" दीर्घ केले. मजकूर तसाच ठेवून निघून गेल्या!

* * *

आषाढ लागला. शेठचा चातुर्मास सुरू झाला. चार महिने पालेभाजी बंद. शेठच्या अंगणात नळाच्या चरीला अळू माजलेलं, पानं ताटाएवढी. शेठ रोज दुकानाला जाताना त्याच्याकडं बघायचे. परदेशी निघालेल्या लेकाकडं बाप बघतो तसं.

मी म्हटलं, पानं वाया जाण्यात काय पुण्य? चार आणली. कारभारणीनं वड्या केल्या. आता तिचा स्वभाव सरळ, आळीचा नियम तिला माहीत नाही. ताट भरून शेठच्या घरी पाठवलं!

संध्याकाळी शेठ ताट परत घेऊन आले. वड्या जशाच्या तशा.

"वहिनी, माझा नेम आहे. चालत नाही."

"अगंबाई, इसरलेच की मी!"

"पण अळू माझं आहे."

मी म्हटलं, "शेठ, खाल्लं नाही तर कळलं कसं?"

शेठ म्हणाले, "नाना, तोंडाचा नेम आहे. नाकाचा नाही!"

* * *

इकडं श्रावण निम्मा झाला, तरी बाईंच्या झाडाला कळी नाही. आळीत कुजबूज सुरू झाली. कुणी म्हणे, सुहासच गुपचूप मीठ घालतोय. कुणी म्हणे, नर्सरीवाल्यानं चाफ्याच्या नावाखाली जंगली झुडूप गळ्यात मारलं. शेठ मला म्हणाले, "नाना, तुमचं भिंतीवरून रोज काय चाललेलं असतं? झाडाला नजर लागली असेल."

मग हौसाआक्कानं तोड काढली. "आमच्या डोंगरात झाड फळंना, की त्येला भ्या दावत्यात. येकानं कोयता उगारायचा. म्हनायचं, तोडतो तुला! दुसऱ्यानं मधी पडायचं. नका तोडू, औंदा फुलंल, मी जामीन! झाड घाबारतं आन् फुलतं."

मी म्हटलं, कोयता माझा. शेठ, तुम्ही जामीन.

शेठ दोन पावलं मागं सरले. "जामीन? कुणालाही जामीन राहायचं नाही, असं वडील मरताना सांगून गेलेत!"

"शेठ, झाडाला व्हायचंय!"

बाई पेन्शनच्या कामाला जुन्नरला गेलेल्या. भर दुपारी आम्ही तिघं त्यांच्या गेटातून आत शिरलो. मी कोयता उगारला आणि ओरडलो, "तोडतो तुला! आज सोडत नाही!"

शेठ खिशात रुमाल शोधायला लागले. घाम फुटलेला.

आक्कानं ढोसलं. "शेट, बोला की!"

शेठ चाचरत म्हणाले, "नाना... तोडा, पण विचार करून तोडा!"

मागं गेट वाजलं. वळून बघतो, तर बाई! एसटी चुकल्यामुळं परत आलेल्या. हातात छत्री. माझ्याकडं बघितलं, कोयत्याकडं बघितलं.

"नाना," त्या हळूच म्हणाल्या, "गणपतीला अजून अवकाश आहे. सुहासनं एवढी घाई करायला सांगितली का तुम्हाला?"

सांगणार काय? झाडाला भीती दाखवत होतो म्हणून? आक्का "चुलीवर दूध हाय" म्हणून सटकली. शेठना एकदम दुकान आठवलं. कोयता घेऊन मी एकटाच उभा!

* * *

त्यानंतर बाईंनी माझ्याशी बोलणं टाकलं. कारभारीण म्हणाली, "बाई दळण घेऊन गेल्या, पन हिकडं मान सुदिक वळवली न्हाई. त्यांना वाटतंय, तुमी पोराचा मानूस."

आजवर मी शंभर खोड्या केल्या, शंभर शिव्या खाल्ल्या. शिवी गोड लागते हो. पण न केलेल्या गुन्ह्याचा संशय कडू लागतो! चार रात्री झोप लागली नाही. मग ठरवलं.

गौरी यायच्या दिवशी पहाटेच बाजारात फुलवाल्याकडं गेलो. "चाफा दे."

"देवाला का?"

"नाही, झाडाला!"

त्यानं माझ्याकडं असं बघितलं, की सुट्टे पैसे देताना हात लांबूनच पुढं केला.

उजाडायच्या आत भिंतीवरून उतरलो. हिरव्या दोऱ्यानं नऊ फुलं बांधली, एका वर्षाला एक. परत चढताना धोतर फाटलं, ते जाऊ दे.

नऊ वाजता सुहास आला. बरोबर माणूस, त्याच्या हातात करवतीचं मशीन! वायरसुद्धा लावायला घेतली. आणि मग सुहास किंचाळला, "आई! आई, बाहेर ये! फुललं!"

आळी गोळा झाली. सुहासनं मोबाईल काढला, झाडाबरोबर फोटो, फुलाबरोबर फोटो. नाकाशी फूल, डोळ्यांत पाणी. "बाबांचं झाड," म्हणाला, आणि मशीनवाल्याला तिथल्या तिथं परत पाठवलं. गाडीसाठी गेट दुसऱ्या बाजूला काढायचं ठरलं.

शेठ माझ्या कानाशी आले. "नाना, सगळी फुलं हात पोचेल एवढ्याच उंचीवर कशी?"

म्हटलं, "झाडाला बाईंची उंची माहीत आहे."

"हं," शेठ म्हणाले. आक्का पदरात तोंड घालून खोकायला लागली. तिचा तो खोकला मला काही धड वाटला नाही.

बाई बाहेर आल्या. झाडाकडं बघत राहिल्या. मग तबक आणलं आणि सुहासला म्हणाल्या, "तू हात लावू नकोस. गौरीची फुलं मी काढते." नऊच्या नऊ एकट्यांनी काढली.

* * *

त्या दिवसापासून बाई माझ्याशी पुन्हा बोलायला लागल्या. गौरीची पुरणपोळी पाठवली. पण कोयत्याचा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही. तो मात्र घशात अडकून बसला होता. बोलतात, पण मनात काय आहे?

परवा राहवलं नाही. बाई झाडाला पाणी घालत होत्या. मी भिंतीवर कोपर टेकून सगळं ओकून टाकलं. कोयता कशाला उगारला, आक्काचा उपाय, शेठचा जामीन, बाजारातली फुलं, हिरवा दोरा, फाटलेलं धोतर.

"तुमच्याशी खोटं वागलो, बाई. पण झाड वाचावं म्हणून केलं. माझ्यावरचा तेवढा संशय काढून टाका."

बाईंनी नळ बंद केला. चष्मा पुसला.

"नाना, माझा हा कवठी चाफा आहे. याला फूल येतं पांढरं, अंड्यासारखं गोल. तुम्ही याला बांधलात सोनचाफा, पिवळाधमक! मुलाला झाडांमधलं ओ की ठो कळत नाही, याचं मला जन्मभर वाईट वाटत होतं. त्या सकाळी मात्र गौरीपुढं हात जोडले, म्हटलं, बरं झालं बाई, माझ्या पोराला कळत नाही... आणि शेजाऱ्यालाही!"