खालचा कप्पा रेश्माचा

एखाद्या फ्रीजवर जीव जडलाय का हो तुमचा कधी? हसू नका. माझा जडला होता, आणि त्यापायी पन्नाशी उलटल्यावर मी जो शहाणपणा केला, तो आज सांगते. चहा घेता घेताच ऐका, कारण थंड काही मिळणार नाही. का, ते कळेलच!

माझं माहेर दौंडचं. आमच्या आणि शेजारच्या शकूरचाचांच्या घरात मिळून एकच फ्रीज होता. पोपटी, बुटका, एका दाराचा. मधल्या पडवीत असायचा. वरचा कप्पा आमचा, खालचा त्यांचा. दारातली अंड्यांची भोकंही त्यांची. आई दार उघडताना तिकडे बघायचीच नाही.

चाचांची रेश्मा माझ्याच वर्गात. भांडण नको म्हणून तिने नेलपॉलिशने आत, दोन कप्प्यांच्या मधोमध लाल रेघ मारली होती. बर्फाला मात्र रेघ नव्हती. तो आम्ही दोघी मिळून चोरायचो. शाळेतून आलं की एक तुकडा तिच्या तोंडात, एक माझ्या. बोलता यायचं नाही, नुसतं हसायचं.

रेश्मा लग्न होऊन सोलापूरला गेली. चाचांचं घरही पुढे तिकडेच गेलं. मी इकडे कवठ्याला आले. तीस वर्षं भेट नाही.

आणि एक दिवस तिचा फोन! शिरूरला पुतणीचं लग्न होतं, आदल्या दिवशी माझ्याकडे मुक्कामाला येणार होती. मला आनंदाने काही सुचेना. पण बाई काय म्हणाली? "कशा आहात तुम्ही?"

तुम्ही! मला? जिने कधी 'सुमे'शिवाय हाक मारली नाही, ती मला 'कशा आहात' विचारते? फोन ठेवला आणि पदर डोळ्याला लावला.

तेव्हाच ठरवलं. माहेरी पडलेला तो फ्रीज आणायचा, आतून होता तस्सा करायचा, आणि रेश्माला त्यातला बर्फ द्यायचा. बर्फ तोंडात गेल्यावर 'तुम्ही' कसं निघतं, बघू!

भावाला, वसंताला फोन केला. तो म्हणाला, "ताई, कशाला? त्याच्यात आता काय राहिलं न्हाई गं."

मला राग आला. "तुला नसेल राहिलं वसंता, माझं सगळं त्यात राहिलंय!"

बिचाऱ्याने लगेच टेंपो ठरवला.

टेंपोतून, गोधडीत गुंडाळलेला फ्रीज आला. दोन गड्यांनी असा उचलला, जशी काय चटईच. मी कौतुकाने म्हटलं, "काय ताकद आहे रे पोरांनो!" ते एकमेकांकडे बघून हसले. मला वाटलं, लाजले! स्वयंपाकघरात भिंतीला पाठ लावून त्यांनी तो उभा केला आणि मी दार उघडलं.

आत भिंती पिवळ्याजर्द, तळाला गंज, दाराचं रबर चिरलेलं. पण लाल रेघ होती! पुसट झालेली, पण होती.

मग काय सांगू तुम्हाला! खायचा सोडा, कोमट पाणी आणि जुना टूथब्रश घेऊन आठ दिवस मी त्या फ्रीजमध्ये निम्मी आत, निम्मी बाहेर. गंज खरवडून तळाला रंग दिला. जाळ्या पाबळच्या एका वर्कशॉपमधून पांढऱ्या करून आणल्या. बर्फाचा ट्रे चिंचेने घासला. आणि रेघेच्या कडेकडेने असा ब्रश फिरवला, जसा तान्ह्या बाळाच्या टाळूवरून हात फिरवावा.

आमचे हे येता-जाता बघायचे. एकदा म्हणाले, "झकास झालं की कपाट! सातबारा आन् पोरांची सर्टिफिकेटं एका जागी ऱ्हातील."

"कपाट म्हणू नका त्याला!"

"बरं बाई, तिजोरी म्हणतो."

दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. आता आमच्या भागात बंद पडलेल्या फ्रीजचं कपाटच होतं. कुणी त्यात बियाणं ठेवतं, कुणी फवारणीचं औषध. पण माझा फ्रीज म्हणजे काय तसला होता?

मग रबर आणि बल्ब बसवायला शिरूरहून मेकॅनिक आला. त्याने रबर बसवलं, दारात कागदाचा कपटा धरून दार लावलं. म्हणाला, "ओढा काकू." मी ओढला. कपटा हलेना! दार एकदम घट्ट. मग त्याने बल्ब जोडला आणि विचारलं, "मागचं काय करायचं?"

"मागचं कोण बघतंय रे? आत नीट दिसलं म्हणजे झालं."

"ते बी खरंय. शोला एक नंबर हाय!"

बघा, किती जणांनी सांगितलं मला! पण मी ऐकणारी असते, तर हा किस्सा कशाला झाला असता?

शनिवारी दुपारीच मी ट्रेमध्ये पाणी भरलं, वरच्या कप्प्यात दूध ठेवलं, खालचा कप्पा तिच्यासाठी रिकामा सोडला. बटण सातवर नेलं. म्हटलं, होऊ दे गारठा!

चार वाजता रेश्मा आली. केस पिकलेले, चष्मा, हातात मिठाईचा बॉक्स. "कशा आहात?"

आणि माझ्या तोंडून काय निघावं? "बसा ना!"

बसलो. गुडघेदुखीवर बोललो, ऊन फार आहे म्हणालो. जशा काही दोघी दवाखान्यात नंबर लावून बसलोय. शेवटी मलाच राहवेना. तिला आत नेलं आणि दार उघडलं. बल्ब लागला.

रेश्मा जागची हलली नाही. मग हळूच बोट पुढे करून तिने ती रेघ चाचपली. "आहे अजून?"

"आहे ना! आणि थांबा, बर्फ देते." मी ऐटीत ट्रे ओढला. अर्धं पाणी तिच्या ओढणीवर!

"होतोय अजून," मी म्हटलं. "जुना आहे, वेळ लागतो."

तिने आत हात घातला, बाहेर काढला. "याचा आवाज कसा नाही? आपला तर सारखा घरघरायचा."

"नवीन रबर आहे ना! आवाज आतच राहतो."

रेश्माने चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. ओढणी कमरेला खोचली. "धरा त्या बाजूने." एका हिसक्यात फ्रीज भिंतीपासून सुटला. आम्ही मागे वाकलो.

मशीनच्या जागी भलंमोठं भोक! ना मोटर, ना नळ्या. भोकात माझा चार दिवस हरवलेला टूथब्रश पडला होता.

दारातून हे म्हणाले, "मशीन तर वसंताने कवाच भंगारात दिलं. म्हंजी तुला ठावंच न्हवतं व्हय? मला वाटलं, तू कपाट करतीयस!"

रेश्मा मटकन जमिनीवर बसली. तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतेय. कसलं काय! "ए सुमे! ए गाढवे! नुसत्या बल्बवर बर्फ लावतीस व्हय गं? तीस वर्षांत एवढीशी अक्कल न्हाई आली तुला?"

गाढवे! एवढं गोड मला आयुष्यात कुणी काही म्हटलं नव्हतं. मीही तिच्या शेजारी बसले आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत दोघी हसलो. थोडंसं पाणी दुसऱ्या कशाचं होतं, पण ते कुणी विचारलं नाही.

मग तिनेच उठून दूध कोमट केलं, त्याला विरजण लावलं आणि पातेलं खालच्या कप्प्यात ठेवून दार लावलं. "खालचा कप्पा माझा. हात लावशील तर बघ!"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या कप्प्यात घट्ट दही लागलं होतं. परत ये म्हणून मी ते तिच्या हातावर घातलं, आणि साडेआठच्या एसटीने ती लग्नाला गेली.