वडगावचा राणू शोधताना

दप्तरखान्यात काम करणाऱ्याला किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते आपले आपण साचतात. जुन्या कागदांचा रुमाल सोडला की आधी धूळ उडते आणि मग त्या धुळीतून कोणीतरी शिंकत बाहेर येतं!

नाशिकला मी रेकॉर्डवर कारकून म्हणून लागलो, तेव्हा मोठी लढाई संपून सोळा-सतरा वर्षं झाली होती. तिला 'पहिली' म्हणायची वेळ अजून यायची होती. आमचं त्रिकूट होतं. एक मी. दुसरे माझे वरिष्ठ काझीसाहेब. मोडी असो की फारसी, मुंगी शाईत बुडवून कागदावर सोडली तरी तिचा मजकूर ते वाचून दाखवतील, अशी त्यांची ख्याती. तिसरे भालेराव मास्तर. रिटायर झाल्यापासून ते रोज वाचनालयात बसून जुनी वर्तमानपत्रं वाचायचे. ताज्या पेपरला हातही लावायचे नाहीत. म्हणायचे, "ताजी बातमी कच्ची असते हो, पोटाला बाधते!"

आम्ही तिघांनी पुष्कळ माणसं कागदांतून उकरून काढली. पण राणूसारखा दुसरा नाही.

* * *

सरजाबाई सिन्नरकडच्या वडगावची. चाळिशीची, उंच, हातात नवऱ्याची एकही वस्तू नाही, चिठ्ठी नाही. सर्व्हिस मोटारीनं आली ती थेट माझ्या टेबलाशी.

"माझा मानूस लढाईवर गेला, तो आलाच नाय. मेला का जित्ता हाय, तेवढं कागदात बघून सांगा."

मी म्हटलं, "बाई, असं सगळ्यांचं लिहिलेलं नसतं."

"का नसंल? आमच्या म्हशीचं शिंग मोडकं हाय, ते तुमच्या कागदात हाय. मग माझ्या मानसाचं नाय व्हय?"

काझीसाहेबांनी चष्मा काढून ठेवला. बाई पुढे म्हणाली, "सासरचे म्हणत्यात बांगड्या फोड. भाऊ म्हणतो फोडू नको. सणासुदीला मला कोणत्या बायांत बसवायचं, हेच कुणाला कळंना. लय वर्सं झाली साहेब."

काझीसाहेबांनी तिला खुर्ची दिली. त्या खुर्चीवर त्याआधी फक्त मामलेदार बसलेले मी पाहिले होते.

* * *

सरजाबाईचा नवरा राणू आम्हाला पहिल्यांदा भेटला तो देवी टोचल्याच्या रजिस्टरात. वय वर्षं सहा. शेऱ्याच्या रकान्यात टोचणाऱ्यानं लिहिलं होतं : 'पळाला. बाभळीवरून उतरवून टोचले. चावला.'

मी हसत सुटलो. काझीसाहेब मात्र हसले नाहीत. त्या ओळीवर बोट ठेवून हळूच म्हणाले, "पाहिलंत? हा माणूस खरंच होता."

तेव्हा मला ते काय म्हणाले हे नीट कळलं नाही.

* * *

पुढची भेट भरतीच्या यादीत. आता राणू तरणा झालेला. उंची, छाती, आणि ओळखीची खूण : 'डाव्या भुवईवर जुना व्रण.'

सरजाबाई पुढच्या खेपेला आली तेव्हा मी मोठ्या तोऱ्यात वाचून दाखवलं आणि विचारलं, "हाच का तुमचा माणूस?"

बाई लाजली. पदर तोंडावर घेतला. "हाच. ती खूण माझीच हाय."

"म्हणजे?"

"लग्नाच्या पयल्या वर्सी उलथनं फेकून मारलं व्हतं!"

सगळं ऑफिस हसलं, बाईसुद्धा. मग तिनं विचारलं, "ते कुठं लिवलंय?" मी जागा दाखवली. तिनं त्या अक्षरांवरून बोट फिरवलं, एकदा नव्हे, दोनदा. जसं कुणाच्या कपाळावरून फिरवावं तसं.

* * *

मास्तरांचा किस्सा खास मास्तरांसारखाच. एके दुपारी ते भर उन्हात, टोपी विसरून, ऑफिसात धडकले. हातात वहीत उतरवून घेतलेला मजकूर. लढाईच्या दिवसांत एका स्थानिक साप्ताहिकात छापलेलं पत्र. खाली सही होती : 'बसऱ्याहून एक सिन्नरकर शिपाई.'

"सापडला!" मास्तर ओरडले.

योगायोगानं सरजाबाई त्या दिवशी आलेलीच होती. मास्तर वाचू लागले, 'येथे खजूर उदंड, पाणी खारट. घरची मिरची मात्र पुरवून पुरवून खावी लागते...'

"बंद करा," बाई म्हणाली. "हा माझा नव्हं. माझा मानूस मिरचीला शिवत नव्हता. जरा तिखट झालं की डोळ्यांत पानी!"

पुढचं ऐकून न घेताच तोडल्यानं मास्तरांचा चेहरा पडला. आयुष्यभर पोरांना नापास करणाऱ्या माणसाला कोणीतरी नापास केलं होतं! पण हाती घेतलेला उतारा अर्धा सोडणाऱ्यांतले मास्तर नव्हेत. त्यांनी तसंच पुढे वाचलं.

'...माझी संपली म्हणजे वडगावचा राणू त्याच्या वाट्याची देतो. तो तिखट खात नाही. त्याला सारे हसतात, तोही हसतो.'

सरजाबाईनं आधी माझ्याकडे पाहिलं, मग काझीसाहेबांकडे. "परत वाचा," म्हणाली.

मास्तरांनी परत वाचलं. चार वेळा वाचायला लावलं तिनं. चौथ्या वेळी शेवटचे दोन शब्द तीच आधी म्हणाली.

हजार कोसांवर, लढाईत, तो माणूस हसत होता. आणि ते कोणीतरी लिहून ठेवलं होतं!

* * *

मग वर्षभर काहीच नाही. लढाईत गेलेल्यांच्या कागदांत सिन्नरचं वडगाव कुठेच येईना.

ते सापडलं काझीसाहेबांना, आणि तेही दुसरंच काही शोधताना. मृत्यूचं कळवणारे कागद ज्या पुस्तकात नोंदून पाठवले जात, त्यात एक ओळ : 'राणू, मौजे वडगाव, तालुका नांदगाव.' बापाचं नाव नाही.

आमच्या जिल्ह्यात वडगावं इतकी, की एखादं हरवलं तरी मोजणीत कळू नये! मी म्हटलं, "हा नांदगावचा राणू असेल."

"असेल," काझीसाहेब म्हणाले, "पण नांदगावच्या वडगावचा राणू लढाईवरून परत आलाय. परतलेल्यांच्या यादीत तो आहे. मग हा मेला कोण?"

कुठल्या लष्करी कारकुनानं घाईत सिन्नरऐवजी नांदगाव लिहिलं होतं, ते देव जाणे.

काझीसाहेबांनी बाईला पत्र घातलं नाही. म्हणाले, "असली गोष्ट पोस्टानं पाठवायची नसते." स्वतः रजा टाकून मोटारीनं तिच्या गावी गेले.

* * *

तो कागद चुकून ज्याच्या घरी गेला असणार त्याला गाठायला आम्ही तिला घेऊन रेल्वेनं नांदगावला गेलो आणि तिथून बैलगाडीनं वडगावला. तिथला राणू घरीच होता. लष्करी शिस्तीचा, मिशा पांढरट झालेला. काझीसाहेबांनी येण्याचं कारण सांगताच तो उठला, आत गेला आणि पत्र्याच्या डबीतून घडी घातलेला कागद घेऊन आला.

"मी घरी यायच्या आधी हा आला. माझ्या आईनं छाती बडवून घेतली, दिवस घातले. आन तेराव्यानंतर दुसऱ्या महिन्यात मी दारात हुभा! हा कागद चावडीवर दाखवला, तर म्हणाले, तू जित्ता हाये ना? मग तक्रार कशाची?"

तो थांबला. कागद त्यानं दोन्ही हातांनी सरजाबाईपुढे धरला.

"पर मरन तर कुणाचं तरी आलं व्हतं ना, बाई. चुकून का व्हईना, माझ्या घरी आलं. दर पितरपंधरवड्यात मी त्याच्या नावानं पान वाढतो. नाव मला ठाऊक व्हतंच, माझंच तर व्हतं!"

मला वर बघवेना. काझीसाहेब ओट्यावरून उठून अंगणात जाऊन उभे राहिले.

सरजाबाई रडली नाही. कागद घेतला, कनवटीला लावला. विचारलं, "इतकी वर्सं?"

"एकबी चुकलं नाय."

निघायच्या वेळी राणूची बायको सवयीनं कुंकवाचा करंडा घेऊन बाहेर आली आणि उंबऱ्यातच थबकली. काय करून बसलो, हे तिच्या ध्यानात आलं. करंडा लपवावा तर सगळे बघताहेत, पुढे करावा तर कसा?

सरजाबाई पुढे झाली. तिच्या हातातल्या करंड्यात बोट बुडवलं आणि त्या बाईच्या कपाळी ठसठशीत कुंकू लावलं.

"तुझा आला ना गं घरी," ती म्हणाली.

त्या बाईनं मान खाली घातली, आणि पदर पसरून सरजाबाईच्या पाया पडली.