आधी तिकडे रुमाल

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि जिच्याशी मी असं वागलो त्या बहिणीला तर नाहीच. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. धीर एवढाच आहे.

मी लातूरला असतो. ठिबकच्या पाइपा विकणाऱ्या एका कंपनीत आहे. महिन्यातून तीन-चारदा हैदराबादला जाऊन विमान पकडावं लागतं. त्या प्रवासाचे पॉइंट साठतात आणि पुरेसे साठले की त्यांवर फुकट तिकीट निघतं. या बाबतीत आमच्या ओळखीच्यांत माझा शब्द शेवटचा. मी सगळ्यांना एक नियम सांगतो – पॉइंटांवरच्या तिकिटाची तारीख बदलायची असेल तर जुनं तिकीट आधी रद्द करायचं नाही. अशा सीटा मोजक्याच असतात. सोडली की गेली. आधी नव्या तारखेची सीट वेगळ्या बुकिंगनं हातात घ्यायची, मग जुनी सोडायची. जुन्याचे पॉइंट परत येतात. फक्त तेवढ्यापुरते जादा पॉइंट शिल्लक ठेवावे लागतात. मी ठेवतो. तेव्हाही ठेवले होते – हे लक्षात असू द्या.

आक्का माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठी. कंधारला दिलेली. मी नांदेडला कॉलेजात असताना तिच्याकडे राहायला जायचो, आणि रविवारी परत निघालो की ती मला स्टँडवर सोडायला यायची. तिथं गर्दीत घुसून ती खिडकीतून माझा रुमाल सीटवर टाकायची. ही गाडी मागं राहून दुसरी आधी सुटणार असं दिसलं, तर आधी दुसऱ्या गाडीत पिशवी टाकायची आणि मगच पहिल्या गाडीतला रुमाल काढायची. चार वर्षांत मी एकदाही उभ्यानं नांदेडला गेलो नाही.

मग मी असं का केलं?

सांगतो. कारण फार लहान आहे, म्हणून सांगायला जड जातं. माझ्या मुलीच्या साखरपुड्यात, व्याह्यांच्या पंगतीत, आक्का म्हणाली होती, “आमचा बापू लई मोठा विमानवाला, पण सगळं फुकटातलं हाय.” सगळे हसले. व्याहीही हसले. ती मायेनंच बोलली होती. मला ते लागलं – आणि मी ते जपून ठेवलं.

त्याच वर्षी तिची लेक सारिका सिंगापूरला गरोदर होती. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, पण तिचा रक्तदाब वाढलेला, डॉक्टरांनी विमानप्रवास बंद केला. मग माहेरानंच तिकडे जायचं ठरलं. दाजींना गुरं सोडून निघता येईना. आक्का कधी विमानात बसलेली नाही, तेव्हा सोबत मी. मी पॉइंटांवर दोन सीटा काढल्या, पुढच्या वर्गातल्या, पाय पसरून झोपता येईल अशा. मी स्वतः तिथं कधी बसलो नव्हतो. कंपनी मागचंच तिकीट देते. व्याह्यांना मी ते तीन वेळा सांगितलं.

निघायला बारा दिवस होते तेव्हा आक्काचा फोन आला. मी ऑफिसात होतो, समोर दोन सहकारी. डॉक्टर म्हणतात, बाळ लवकर काढावं लागेल, याच आठवड्यात निघायला जमेल का, असं ती विचारत होती. मी फोन स्पीकरवर टाकला. का टाकला? त्यांनी ऐकावं म्हणून. मी म्हणालो, बघतो. कॉम्प्युटरवर पाहिलं – परवाच्या विमानात दोन सीटा होत्या. मागच्या वर्गात, पण होत्या. दहा मिनिटांचं काम होतं.

मी म्हणालो, “आक्का, सीटच नाहीत. आणि आपल्या सीटांना हात लावला तर त्याही जातील.”

ती म्हणाली, “बापू, असं कर की. आधी तिकडं रुमाल टाक. तिकडली सीट धरली, की मग इकडला उचल.”

मी हसलो. नुसता हसलो नाही, समोरच्या दोघांकडे बघून हसलो. म्हणालो, “आक्का, ही एसटी नाही. विमानाला खिडकी उघडत नसते.” ते दोघेही हसले. ते तिला ऐकू गेलं. “न्हाई रे, मला काय कळतंय,” ती म्हणाली आणि फोन ठेवला.

तीन दिवस ती फोन करत राहिली. सकाळी एक, दुपारी एक. मी तिला कधी साडेदहाला कर म्हणायचो, कधी जेवणानंतर. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, “बापू, लेकरू एकलं हाय तिकडं. मी मागं बसते, कुठं बी बसते, एकली बी जाते. तुझ्या पाया पडते.”

मला बरं वाटलं. तेच खरं आहे – मला बरं वाटलं. वाटलं, अजून एक दिवस विचारू दे, मग करून टाकू. पुढची सीट सोडायचं जिवावर आलं होतं, हेही होतंच. पण तेवढंच असतं तर तिला एकटीला पाठवता आलं असतं. ती तयार होती.

चौथ्या दिवशी मी उघडून पाहिलं. त्या आठवड्याच्या सगळ्या सीटा गेल्या होत्या. मग मी तिला सांगितलं की सीट नाही, आणि पहिल्यांदाच ते खरं होतं.

सारिकाला मुलगी झाली. दोन दिवस जगली. आमचं विमान त्यानंतर पाच दिवसांनी होतं.

आक्का आधी गेली असती तर ती मुलगी वाचली असती, असं नाही. डॉक्टरांनी तसं सांगितलंही होतं. मी वर्षभर हे वाक्य स्वतःला औषधासारखं पाजलं. पण आक्कानं तिला मांडीवर घेतलं असतं. दोन दिवस घेतलं असतं. जुन्या सुती लुगड्याची दुपटी तिनं हातानं शिवली होती, त्यातल्या एकात गुंडाळलं असतं.

त्या विमानात ती माझ्या शेजारी त्या रुंद सीटवर अंग चोरून बसली होती. डिंकाच्या लाडवांचा डबा मांडीवर. तो तिनं वर ठेवू दिला नाही. तिनं काही खाल्लं नाही. मी जेवलो. सीट मागं करून झोपलोही.

सारिका दारातच आईच्या गळ्यात पडली आणि विचारलं, “आई, तू आधी का नाही आलीस गं?”

मी बॅगा घेऊन मागं उभा होतो. आक्का म्हणाली, “सीटच नव्हती बाय. मामानं लई धडपड केली.”

मी मान हलवली.

याला सात वर्षं झाली. रुमालाचा किस्सा आमच्या घरात अजून चालतो. तो मीच पसरवला – बाळाचा भाग काढून, नुसता हसण्यापुरता. गेल्या महिन्यात निलंग्याला एका लग्नात पंगत बसली होती. मेव्हण्यानं फर्माइश केली, तो विमानातला रुमाल सांगा. आक्का समोरच बसली होती. मी सांगितला. तिचा आवाज काढून सांगितला. लोक ताट सोडून हसले. आक्काही हसली, पदरानं डोळे पुसत म्हणाली, “अडाणी बाई मी. मला काय कळतंय त्यातलं.”

तिला कळलं होतं. पहिल्याच फोनवर तिला सगळं बरोबर कळलं होतं. मी तिच्याकडे बघून आणखी थोडा हसलो, आणि वाढप्याला भात आणायला सांगितला.