दिलेल्या भाकरीच्या मागे

मी डोंगर चढते ते केवळ मला 'नाही' म्हणता येत नाही म्हणून.

आमच्या जालन्यात दर रविवारी डोंगर-धबधबे हिंडणाऱ्यांचा एक गट आहे. सुनेनं त्यात आमची दोघांची नावं घातली. घालण्याआधी मला विचारलंही. "आई, जाताल ना?" मी मान आडवी हलवली, पण खाली बघत हलवली. सुनेला ती उभी हलल्यासारखी दिसली. झालं! पुढच्या रविवारी माझ्या पायात बूट आणि डोक्यावर गटाची नारिंगी टोपी. (टोपी मी पदरावरून घालते. आरशात बघायचं मी तेव्हापासून सोडलं आहे.)

गटाचे प्रमुख खरात सर. त्यांनी आयुष्यभर शाळेत मुलांकडून कवायत करून घेतली, आता आमच्याकडून घेतात. गळ्यात शिट्टी, आणि तोंडात एकच नियम. "रांग मोडायची न्हाई! पुढच्याचा पाय जिथं, तिथं आपला पाय! मधी कोणी आपलं डोकं चालवायचं न्हाई!"

मला हा नियम फार आवडला. डोकं चालवायचं नाही म्हटल्यावर बोलायचंही काम नाही. मी नेहमी रांगेत सगळ्यात शेवटी चालायची. तिथं मागून बघणारं कोणी नसतं.

श्रावणातल्या एका रविवारी जाफराबादच्या पलीकडच्या डोंगरातल्या धबधब्याला जायचं ठरलं. सगळं नीट झालं असतं, पण त्या दिवशी अंबडहून आमच्या विहीणबाईही आल्या. सुनेची आई. स्वभावानं मोकळ्या, आवाजानं त्याहून मोकळ्या, आणि गळ्यात नवं कोरं मोठं गंठण.

"डोंगरावर कशाला घातलं वो?" मी घाबरत विचारलं.

"बाईमाणसानं असं ओकंबोकं फिरावं का? आणि डोंगरावर काय फक्त दगडं राह्यतात? फोटो निघतेत की!"

धबधब्यापाशी पोचलो. पाणी असं काही कोसळत होतं की खरात सरांची शिट्टीसुद्धा ऐकू येईना. सगळे भिजायला पळाले. मी काठावरच्या खडकावर बसले. परक्या माणसांसमोर भिजणं माझ्याच्यानं होत नाही. घरी नळाचं पाणी अंगावर उडालं तरी मी इकडं तिकडं बघते.

विहीणबाईंनी गळ्यातलं लहान मंगळसूत्र तसंच ठेवलं, मोठं गंठण काढलं आणि माझ्या ओंजळीत टाकलं.

"धरा जरा, विहीणबाई. पाण्यात गेलं तं गेलंच. तुमच्याइतका भरवसा कोणावरच न्हाई बघा."

आणि गेल्या पाण्यात!

इथून माझ्या जिवाला घोर लागला. माझ्या साडीला खिसा नाही. पर्स आहे, पण चोर पहिला हात पर्सलाच घालतो. (स्वतःच्याच गळ्यात का घातलं नाही, असं कोणी म्हणेल. दुसरीचं गंठण गळ्यात घालतात का? माझे हे तिथं बसले होते ना, चांगले धडधाकट!) शेवटी मला माझ्या आईची युक्ती आठवली. आई एसटीनं निघाली की दागिना भाकरीच्या फडक्यात बांधायची. शिळ्या भाकरीला कोण हात लावणार?

जेवणं वाटेतच उरकली होती. दोन ज्वारीच्या भाकरी आणि लसणाचा ठेचा उरला होता. मी इकडं तिकडं बघितलं, ठेचा लावलेल्या भाकरीच्या घडीत गंठण सारलं, वर दुसरी भाकरी ठेवली, आणि फडक्याला अशी गाठ मारली की ती मलासुद्धा सुटली नसती. गाठोडं आमच्या ह्यांच्या शेजारी ठेवलं. ह्यांना काही सांगितलं नाही. ह्यांना कानात सांगितलेली गोष्ट पलीकडच्या गल्लीत ऐकू जाते.

तेवढ्यात विहीणबाईंची हाक आली. बायकांना ओले कपडे बदलायचे होते. चादरीचा आडोसा धरायला मी गेले. दोन्ही हात वर करून, डोळे मिटून उभी होते, पण मनानं मी त्या गाठोड्यावरच बसले होते.

परत येऊन बघते तो ह्यांच्या शेजारी नुसता खडक!

"अवो, फडकं कुठंय?"

"कोणतं फडकं?"

"भाकरीचं!"

"ते व्हय? दिलं."

"दिलं? कोणाला?"

"शेळ्यावाली आल्ती एक म्हातारी. म्हणलं, घे माय, परत कशाला ओझं न्यायचं."

"फडक्यासगट?"

"मंग काय भाकरी पदरात टाकू तिच्या? फडकं नवं घे की एक. फडक्यापाई तोंड कशाला पांढरं करून राह्यली?"

माझ्या कानात धबधब्याचा आवाज बंद झाला. विहीणबाईंचं गंठण! लेकीच्या सासूकडे विश्वासानं दिलेलं! हे अंबडला कळलं तर सुनेला माहेरी काय तोंड राहील? आणि आमच्या घराला? "सासूनं आईचं सोनं गिळलं," असंच म्हणतील.

"कुन्या वाटेनं गेली?" मी विचारलं.

ह्यांनी हनुवटीनं समोरचा डोंगर दाखवला. वर धुकं होतं. त्या धुक्यातून शेळ्यांच्या गळ्यातल्या घंटा वाजत होत्या.

मी निघाले. धावत.

मी लग्नात सप्तपदीलासुद्धा अडखळलेली बाई. पण त्या दिवशी मी कसा डोंगर चढले ते मलाच माहीत. माहीत म्हणजे, तेही नाही. हातात येईल ते धरत होते. एकदा बाभळ धरली, ती लगेच सोडली. शेळ्यांच्या लेंड्या बघून वाट काढत होते. पाय घसरला की "देवा, गंठण!" म्हणायचे. कुणी ऐकलं असतं तर त्याला वाटलं असतं, ह्या बाईला देवाला दागिना वाहायचा आहे.

मध्येच खालून शिट्टी वाजली. मी मागे वळून बघितलं.

अख्खा गट माझ्या मागे चढत होता! एकामागोमाग एक, नारिंगी टोप्यांची रांग!

झालं होतं असं. परतीची शिट्टी झाली, लोकांनी पुढं कोण आहे ते बघितलं, तर डोंगरावर एक नारिंगी टोपी चढताना दिसली. पुढच्याचा पाय जिथं, तिथं आपला पाय! पहिल्याला वाटलं, काकूंना सरांनी पाठवलं असेल. आणि सर होते सगळ्यात मागे. त्यांना वाटलं, पहिल्याला जवळची वाट सापडली असेल. कोणी डोकं चालवलं नाही. शिस्त म्हणजे शिस्त!

"शाब्बास काकू!" सर खालून ओरडले. "असाच दम टिकवा!"

"सर, परत फिरा," असं मला म्हणायचं होतं. पण मग त्यांनी कारण विचारलं असतं. मी आणखी जोरात चढले. म्हणून तेही आणखी जोरात चढले.

एवढ्यात धापा टाकत विहीणबाई माझ्या अंगाला येऊन भिडल्या. त्यांनी रांग मोडली होती!

"विहीणबाई... जरा दमानं... गळा कसा रिकामा वाटून राह्यला. द्या ना माझं गंठण."

"वर देते."

"वर कशाला? इथंच द्या."

"इथं नको. इथं... निसरडं हाय."

"गळ्यात घालायला निसरडं?"

"वर फोटो चांगला येतो," मी म्हणाले. आयुष्यात मी एवढं जल्दी कधी खोटं बोलले नव्हते. विहीणबाईंनी लगेच केसांवरून हात फिरवला आणि त्याही चढायला लागल्या.

डोंगरमाथ्यावर एक कडुलिंब होता. त्याच्याखाली ती म्हातारी बसली होती, भोवती शेळ्या, मांडीवर माझं फडकं. गाठ सुटेना म्हणून तिनं ती दातात धरली होती. मी तिथं पोचले आणि त्याच क्षणी गाठ सुटली!

"माय," मी म्हणाले, "ती भाकरी... परत द्या."

"आं?"

"आत्ता दिल्ती ती. परत द्या."

माझ्या मागे एकेक नारिंगी टोपी येऊन उभी राहत होती. सगळ्यांनी ऐकलं. आमचे हे पोचले आणि त्यांनी कपाळावर हात मारला.

"अगं, दिलेली भाकरी कोणी परत मागतं का? एवढा डोंगर चढून? भाकरीसाठी?"

काय सांगू? गंठणाची मालकीण माझ्या डाव्या हाताला उभी होती! मी खाली बघून म्हणाले, "भूक लागली."

"आत्ता तर जेवली तू!"

"परत लागली."

म्हातारी मात्र फार मायेची. "लागती गं बाई, भूक काय कोणाला पुसून येती? ये, बस. दोघी मिळून खाऊ. अर्धी तुला, अर्धी मला." आणि तिनं वरची भाकरी बाजूला ठेवून घडीची भाकरी मोडायला दोन्ही हातांत धरली!

मी झडप घातली. हो, मीच! पाहुण्यांना पाणी देताना ज्या बाईचा हात कापतो, त्या बाईनं भरल्या गटासमोर एका म्हातारीच्या हातातली भाकरी हिसकावली आणि झुडपामागे पळाली.

तिथं गंठण काढलं. ठेच्यानं माखलं होतं. पदरानं पुसलं, पुन्हा पुसलं. आता बाहेर गेल्यावर काय सांगायचं? म्हणून भाकरीचा एक मोठा घास तोडला, तोंडात कोंबला, आणि चावत चावत बाहेर आले. उरलेली भाकरी म्हातारीपुढं ठेवली.

"बास?" म्हातारीनं विचारलं. "एवढ्यासाठी आल्ती?"

तोंडात घास होता म्हणून बरं. उत्तर द्यावं लागलं नाही.

गंठण विहीणबाईंच्या हातात दिलं तेव्हा कुठं मी सुटले. त्यांनी ते गळ्यात घातलं आणि हुंगून बघितलं.

"विहीणबाई, लसणाचा वास कशाचा येऊन राह्यला?"

"माझ्या तोंडाचा," मी म्हणाले. ते तरी बिलकुल खरं होतं.

"आणि गळ्याला आग होती जराशी."

"घाम असंल. चढ होता ना."

तोवर धुकं पांगलं होतं. तिथून धबधबा अख्खा दिसत होता, वरपासून खालपर्यंत. सर म्हणाले, इतकी वर्षं येतो, पण ही जागा कोणी दाखवली नव्हती. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पण टाळ्या वाजवताना माझ्याकडे असं बघत होते, जसं आपण बरेच दिवस उपाशी राहिलेल्या माणसाकडे बघतो.

गंठण वाचलं. पण अंबडला जाताच विहीणबाईंनी लेकीला फोन लावला. रात्री सून माझ्यासमोर उभी, डोळे भरलेले.

"आई, मी तुम्हाला कमी वाढते का? तोंडानं मागत न्हाई तुम्ही, म्हणून मला कळलंच न्हाई. भाकरीसाठी डोंगर चढायची पाळी आली तुमच्यावर!"

खरं सांगितलं असतं तर गंठणाची गोष्ट अंबडला गेली असती. मी नेहमीसारखी मान हलवली. आडवी की उभी, ते आता मलाही आठवत नाही.

तेव्हापासून सून मला पोट भरल्यावर आणखी एक भाकरी वाढते आणि संपेपर्यंत समोर बसून राहते. गटातले लोकही आपल्या डब्यातलं काढून आधी माझ्यापुढं ठेवतात. नाही म्हणायला मला येत नाही, हे मी सुरुवातीलाच सांगितलं. परवा सरांनी मला चढावर धापा टाकताना बघितलं आणि मायेनं म्हणाले, "काकू, वजन वाढून राह्यलं बरं का तुमचं. एकही रविवार चुकवू नका, बराबर उतरंल!"