घाटमाथ्यावर विडीभर वेळ

मला राग लवकर येतो आणि उतरायला वेळ लागतो. आता वय झाल्यावर घरचे हे हसत हसत सांगतात. या रागापायी मी काय घालवलं ते त्यांना माहीत नाही.

गोष्ट एकाहत्तर-बाहत्तरची. आमच्याकडे एक जुना डिझेल ट्रक होता. थोरला भाऊ, म्हणजे दादा, तो चालवायचा. मी नगरला एका गॅरेजात कामाला होतो आणि त्या ट्रकची दुखणीखुपणी काढायचो. वडील लवकर गेले होते. दादानं सातवीतून शाळा सोडली, स्टिअरिंग धरलं आणि मला आयटीआयपर्यंत शिकवलं. त्यामुळे घरात शहाणा मी, असं ठरूनच गेलं होतं, आणि ते सगळ्यात जास्त दादानंच ठरवलं होतं.

पाथर्डीकडून बाजरी नाहीतर कापूस भरून ट्रक नगरला यायचा. वाटेत करंजीचा घाट. त्या चढाला आमच्या गाडीचा जीव जायचा. पहिल्या गिअरमध्ये काळा धूर ओकत ती वर सरकायची आणि मागच्या गाड्या हॉर्न बडवायच्या. दादा म्हणायचा, "वाजवू द्या, फुकटची वरात हाय." मला मात्र त्या हॉर्नची लाज वाटायची.

धरणाच्या कामावरची परदेशी यंत्रं भंगारात निघाली, तेव्हा एका माती उपसणाऱ्या यंत्राचा टर्बो माझ्या हाती लागला. बाहेर फुकट जाणाऱ्या धुराच्या जोरावर त्यातला पंखा फिरतो आणि इंजिनात जादा हवा कोंबतो. त्यानं इंजिनाला ताकद येते, एवढंच त्याचं काम. आमच्या भागात तेव्हा ट्रकला असलं काही बसवलेलं मी तरी पाहिलं नव्हतं. गॅरेजच्या मालकानं मला वेड्यात काढलं. मी मात्र दीड महिना प्रत्येक सुट्टीला त्या टर्बोच्या मागे लागलो. टर्बो बसायला जाड लोखंडी पट्टी कापली, त्यातल्या पंख्याच्या दांड्याला तेल मिळावं म्हणून इंजिनापासून तांब्याची बारीक नळी आणली, तिच्या जोडाला शेलॅक, म्हणजे आमचा तो काळा चिकट गोंद, चांगला सढळ हातानं लावला.

दादानं टर्बो बघितला आणि म्हणाला, "ह्यो तर शंख हाय." दिसायचा खरंच तसा. त्यानं त्याला हळदीकुंकू लावलं. मी म्हटलं, तापला की जळून जाईल ते.

"जळू दे की. उदबत्ती काय जळत न्हाई व्हय?"

पहिल्या फेरीला मी शेजारी बसलो. चढ लागला, शंखानं बारीक शीळ धरली आणि भरलेली गाडी दुसऱ्या गिअरमध्ये घाट चढली. दादानं माझ्या मांडीवर एक थाप मारली. तशी थाप त्यानं मी आयटीआय पास झालो तेव्हाच मारली होती.

माथ्यावर म्हसोबा आहे. चढून आलेला ड्रायव्हर तिथं थांबायचा, आधी इंजिन बंद करायचा आणि मग नारळ फोडायचा. देवापुढं गाडी गुरगुरत ठेवायची नाही, असा रिवाज. दादाचा हात इंजिन बंद करायच्या खटक्याकडे गेला तसं मी त्याचं मनगट धरलं.

"लगीच बंद करू नगं, दादा. शंख तापून लाल झालेला आसतो. इंजिन थांबलं की तेल थांबतं आन् दांडा कोरडा जळतो. एक विडी वढूस्तोवर चालू ठिव."

"देवापुढं?"

"देवाला चालतं."

"तुला इचारून ऱ्हातो जनू त्यो," दादा म्हणाला, पण विडी काढली. लिंबाखाली नारळ विकणारी म्हातारी आमच्याकडे बघत होती. ती कानानं अधू, तिच्याशी ओरडून बोलावं लागायचं.

तीन आठवड्यांनी निरोप आला, गाडी माथ्यावर बंद पडलीय. मी एसटीनं गेलो. निळ्या धुराचा वास अजून होता, टर्बोचा दांडा तुटलेला. मी एवढंच विचारलं, "लगीच खटका वढला हुतास?"

खोटं बोलणं त्याच्या स्वभावात नव्हतं. "दोन-तीनदा इसरलो," तो म्हणाला. "हात सवयीनं जातो."

झालं. चार ड्रायव्हर आणि ती म्हातारी यांच्यादेखत मी त्याला बोललो. म्हणालो, तू बैलंच हाकायच्या लायकीचा. म्हणालो, चार बुकं शिकला असतास तर कळलं असतं. कुणासाठी त्यानं शाळा सोडली होती ते माहीत असलेला मी, हे बोललो. दादानं केबिनमधून टॉवेल घेतला, आमच्या गाडीच्या बॉनेटला हात लावून नमस्कार केला आणि दुसऱ्याच्या ट्रकमध्ये बसून निघून गेला.

चार दिवसांनी मी टर्बो सोडवला. तेलाची नळी काढून फुंकली, तर हवा जाईना. तार घातली तेव्हा मुगाएवढा काळा गोळा बाहेर आला. शेलॅक. सढळ हातानं लावलेला, माझा. तो आत सरकून नळीत अडकला होता आणि दांड्यापर्यंत तेलच पोचत नव्हतं. दादानं देवापुढं रोज एका विडीऐवजी अख्खं बंडल संपवलं असतं तरी तो दांडा तुटणारच होता.

मी तो गोळा काडेपेटीत ठेवला आणि कुणाला काही सांगितलं नाही. आधी दादाला सांगायचं, असं मनाशी म्हणालो. दादा तोवर वहिनीला घेऊन पाथर्डीला राहायला गेला होता, एका व्यापाऱ्याच्या ट्रकवर. शंख काढून टाकलेली आमची गाडी मी चालवू लागलो. वर्षभरानं काष्टीला एका लग्नात भेट झाली. काडेपेटी खिशात होती. त्यानं स्वतः माझ्या पानात वाढलं, "गाडी बरी हाय का?" विचारलं. मी म्हटलं, बरी हाय. जेवण झाल्यावर सांगू, असं ठरवलं. हात धुऊन आलो तर तो माल भरायला गेलेला.

दुसऱ्या वर्षी कावीळ झाली त्याला. मी पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं. "भावजी," वहिनी म्हणाली, "तुमची गाडी घाट चढती का, इचारत हुते."

दहावं झाल्यावर परत येताना मी म्हसोबापुढं थांबलो आणि लगेच खटका ओढला. म्हातारी उठून जवळ आली.

"तुजा भाऊ आसं न्हवता करत," ती म्हणाली. "हितं हुबा ऱ्हाऊन आक्खी विडी वढायचा, मंग गाडी बंद करायचा, मंग नारळ. बाकीचे हसायचे त्येला. म्या इचारलं, तर म्हनला, धाकल्यानं सांगितलंय. माज्या इसरन्यानं त्येचं लई नुकसान झालं."

व्यापाऱ्याच्या ट्रकला शंख नव्हता. साधा ट्रक होता तो, बंद केला काय आणि चालू ठेवला काय. दोन वर्षं, प्रत्येक फेरीला, देवाचा रिवाज मोडून तो माझं ऐकत उभा राहिला होता.

"आजी, त्याची चूक न्हवती," मी म्हणालो. "नळी म्याच बुजवली हुती."

म्हातारीनं कानामागं हात धरला. "काय म्हनला?"

मला ओरडून सांगता आलं असतं. लिंबाखाली दोन ड्रायव्हर बसले होते.

"नारळ द्या एक," मी म्हणालो.