न कापलेल्या घडाचा भाव

इतकी वर्षं झाली, पण त्या अकरा फिर्यादींचे आकडे मला अजून तोंडपाठ आहेत.

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. जळगाव जिल्ह्याच्या पूर्व भागात, केळीच्या पट्ट्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी पोलीस ठाण्याचा प्रमुख होतो. शेअर बाजार त्या वर्षी भलताच चढला होता. स्टँडजवळ एका पदवीधर तरुणाने शेअर्सच्या दलालीचं दुकान टाकलं होतं. दाराबाहेर फळा लावून तो रोज भाव लिहायचा. केळीचा भाव रोज जाहीर होतो, तो पाहायची इथल्या लोकांना सवय. त्यामुळे शेतातून येताना फळा पाहून जाणं सहज अंगवळणी पडलं.

मग बाजार कोसळला. फळा कोरा झाला, दुकानाला कुलूप लागलं, आणि पाचव्या दिवशी अकरा शेतकरी ठाण्यात आले. पुढारी होते आबा, साठीचे केळीबागायतदार.

"पस्तीस हजार खाल्ले साहेब त्यानं माह्ये," आबा म्हणाले. "लिहा."

मी लिहिलं. अकरा जणांची बेरीज चार लाख पंचावन्न हजार झाली. विश्वासघात आणि फसवणूक अशी कलमं लावून गुन्हा दाखल केला. तरुण फरार, दुकान बंद, तक्रारदार अकरा. मला शंका घ्यायला जागाच वाटली नाही. अटकेचा कागदसुद्धा तयार करून ठेवला, फक्त तारीख आणि सही बाकी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी हवालदारांना त्यांच्या खबऱ्याकडून कळलं, की तरुण धुळ्याला, देवपुरात बहिणीच्या घरी आहे. जीप काढली. अकराच्या सुमारास आम्ही पोचलो. दार बहिणीच्या सासूने उघडलं. गणवेश पाहूनही बाई डगमगली नाही.

"हाऊ पोरगा चोर नही शे, साहेब. बठ्ठं, अगदी सगळं सांगी तो. पहिले चहा ल्या."

पळून गेलेला माणूस सहसा मागच्या दाराच्या खोलीत सापडतो. हा पुढच्याच खोलीत वही घेऊन बसला होता. दाढी वाढलेली, डोळे लाल.

"पळालास का?" मी विचारलं.

"दगड आले दुकानावर, साहेब. कुणाचं ऐकायची तयारी नव्हती."

"लोकांचे पैसे कुठे आहेत?"

"शेअर्समध्ये."

"आणि शेअर्स?"

"कंपनीकडे. नावावर करायला पाठवलेत."

अशी उत्तरं मी खूप ऐकली होती. मी म्हणालो, "बाजार पडला म्हणजे काय झालं, ते मला नीट सांग. मी शेअरवाला नाही."

त्याने समजावलं. भाव चढत राहतील या भरवशावर लोक घेत सुटतात, ती तेजी. मुंबईवाले तिला बुल म्हणतात, बैल शिंगांवर घेऊन वर उडवतो तसं. भाव उतरणार या भीतीने सगळे विकायला धावतात, ती मंदी. तिला बेअर म्हणतात, अस्वल पंजा मारून खाली पाडतं तसं. दोन्ही येतात, दोन्ही जातात.

हवालदार चहाची बशी खाली ठेवत म्हणाले, "साहेब, मग आरोपी म्हणून अस्वलाचं नाव घालायचं का? अटक कोण करणार पण?"

मी हसलो नाही, कारण माझं लक्ष वहीत होतं. आबांच्या नावापुढे लिहिलं होतं, पन्नास शेअर्स, दर तीनशे, रोख पंधरा हजार. फिर्यादीत पस्तीस हजार! मी खिशातून यादी काढून एकेक नाव ताडून पाहिलं. नऊ जणांचे पन्नास-पन्नास, दोघांचे शंभर-शंभर, दर सगळ्यांचा तीनशेच. प्रत्येकाच्या फिर्यादीची रक्कम शेअर्सच्या संख्येने भागली, की सातशेच यायचे. एकाही आकड्यात फरक नाही.

"सातशे काय आहे?"

"फळ्यावरचा सगळ्यात वरचा भाव, साहेब. त्या दिवशी मी आबांना विचारलं होतं, विकून टाकू का नावावर करायला पाठवू? आबा म्हणाले, पाठव, हजाराला विकू."

म्हणजे अकरा जणांनी मिळून दिले होते एक लाख पंच्याण्णव हजार. बाकीचे दोन लाख साठ हजार कुणी कुणाच्या हातात दिलेच नव्हते. पण शेअर्स खरोखर आहेत, हे सिद्ध झाल्याशिवाय त्याची सुटका नव्हती.

"कागद कोणत्या पत्त्यावर येणार?" मी विचारलं.

"माझ्या दुकानाच्या, रजिस्टर पोस्टाने. लोक दिवसभर बागेत असतात, म्हणून त्यांनीच सांगितलं होतं. कंपनीचं पत्र आलं होतं, आठवड्यात येतील म्हणून."

हवालदारांनी बशी उचलली नाही. "साहेब, दुकानाला सहा दिवस कुलूप आहे. रजिस्टर सात दिवस ठेवतात, मग परत पाठवतात."

चहा तसाच टाकून आम्ही निघालो. वाटेत जळगावला पेट्रोल भरायला थांबलो तेवढंच. तरुण मागे हवालदार आणि एका शिपायाच्या मध्ये बसून सारखं घड्याळ बघत होता. पोस्टाची खिडकी बंद व्हायला पंधरा-वीस मिनिटं असताना आम्ही पोचलो.

पोस्टमास्तर चष्मा पुसत म्हणाले, "आहेत की. अकरा पाकिटं. पोस्टमन रोज जाऊन ‘दुकान बंद’ लिहून आणतोय. उद्या परत करणार होतो."

तरुणाने सही करून ती ताब्यात घेतली. पाकिटं मी ठाण्यात आणली, अकरा जणांना बोलावलं आणि दोन पंचांसमोर एकेक फोडलं. प्रत्येकाच्या नावाचे छापील कागद. त्यांवरचे शेअर्स मोजले, साडेसहाशे. एकही कमी नाही.

आबांनी आपला कागद उलटून पालटून पाहिला. "हे ठीक. आज भाव काय?"

"दोनशे साठ," तरुण हळूच म्हणाला.

"मंग माह्ये बावीस हजार कुठी गेले?"

सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी म्हणालो, "आबा, तुमचा घड झाडावर असताना भाव खूप वर गेला आणि मग उतरला. तुम्ही तो कापलाच नव्हता. वरच्या भावाचे पैसे कुणी खाल्ले म्हणायचे?"

"व्यापाऱ्यानं तर नही," मागून कुणीतरी म्हणालं, आणि ठाण्यात पहिल्यांदा हसू आलं.

"घड पिकून सडतो, साहेब," आबा चटकन म्हणाले. "थांबता येत नही."

"हा कागद सडत नाही, आबा," तरुण बोलला. "कंपनी चांगली चालली आहे. थांबता येतं. भाव येईलच, असं मात्र मी लिहून देत नाही."

हे शेवटचं वाक्य ऐकून माझी खात्री पटली. ठकवणारा माणूस या घटकेला वायदा करतो.

आबांनी कागदाची नीट घडी केली. मग कागद त्याच्यापुढे धरला. "तुह्याचपाशी ठेव."

"नाही आबा. घरी न्या. भाव पाहायला रोज येत जा."

"रोज नही येनार," आबा म्हणाले. "रोज पाह्यलं म्हनून तर हे झालं. आता दिवाळीला येईन. दुकान उघडं ठेव मात्र."

मी न्यायालयाकडे ‘क’ समरी मागितली, म्हणजे तक्रार खोटी नाही, पण गैरसमजातून झालेली, म्हणून तपास बंद. ती मंजूर झाली. दुकान आठवड्यात उघडलं, आणि मी बदलून जाईपर्यंत उघडंच होतं.

त्यानंतर पैशांच्या प्रत्येक फिर्यादीत मी आधी एकच विचारत असे, तुमच्या हातातून प्रत्यक्ष किती गेले? चढत्या भावात माणूस न मिळालेले पैसे मनात जमा धरतो, आणि भाव उतरला की चोर शोधत निघतो. हे शेतकऱ्यांपुरतंच नाही. अटकेचा कागद आधीच लिहून ठेवणारा मीही त्यातलाच होतो. आकडे भागून पाहायला आणखी एक दिवस उशीर झाला असता, तर पाकिटं परत गेली असती आणि तो तरुण कोठडीत. नोकरीत मी पुष्कळ अटका केल्या. न केलेल्या या एका अटकेचं समाधान त्या सगळ्यांपेक्षा मोठं आहे.